पोथीपासून संगणकापर्यंत : महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची कथा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाच्या पन्नास वर्षांचा इतिहास यावा, हे उचितच आहे आणि तो अन्यत्र आलाही आहे. आम्ही मात्र संपादक समितीच्या अनुमतीने एका निराळ्या इतिहासाकडे वळत आहोत. त्याला निमित्त झाले ते आपल्याच गणेशोत्सवातील एका लहानशा वादाचे.

आरती होऊन प्रसाद वाटला जात होता. आपले एक वयोवृद्ध सभासद नेहमीप्रमाणे बालगोपाळांना जमवून गोष्ट सांगत होते. गोष्ट अर्थातच व्यास आणि गणेश यांची. लेखणी क्षणभरही थांबता कामा नये ही गणेशाची अट, आणि अर्थ उमगल्यावाचून एक अक्षरही लिहू नये ही व्यासांची प्रतिअट. गोष्ट रंगात आली असता मागे उभा असलेला, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील एक तरुण हातातील मोबाईलवरून दृष्टी न काढता म्हणाला, "आजोबा, ही गोष्ट महाभारतात नाही. मी आत्ताच अख्खा आदिपर्वाचा आरंभ शोधून पाहिला." आजोबा म्हणाले, "अरे, माझ्या वडिलांच्या पोथीत मी ती ह्या डोळ्यांनी वाचली आहे. ती पोथी काय खोटी?" मंडळी हसली, विषय तेवढ्यावर थांबला, पण आजोबा त्या दिवशी महाप्रसादाला थांबले नाहीत.

ही रुखरुख आम्हांस अनेक दिवस लागून राहिली. मुलगा खोटे बोलला नव्हता, आणि आजोबाही नव्हते. मग सत्य काय? अखेर नाताळच्या सुट्टीत त्या तरुणास बरोबर घेऊन आम्ही येथून जवळच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा पहिला खंड उघडला. जे आढळले ते सांगण्यापूर्वी हा ग्रंथ कसा सिद्ध झाला, ते सांगणे आवश्यक आहे.

महाभारताची एकच एक मूळ प्रत कोठेही अस्तित्वात नाही. आहेत त्या शेकडो वर्षांत नकला होत होत आलेल्या पोथ्या. काश्मिरात शारदा लिपीत, बंगालात बंगाली लिपीत, मिथिलेत मैथिलीत, दक्षिणेत तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम लिप्यांत लिहिलेल्या. नक्कल करणारा माणूस कधी ओळ गाळतो, कधी शब्द बदलतो, कधी ऐकलेली एखादी कथा भक्तिभावाने मधेच घालतो. ह्या सर्व पोथ्या एकत्र करून त्यांच्या आधारे शक्य तितका प्राचीन पाठ निश्चित करावा, अशी मागणी ऑस्ट्रियन पंडित मॉरिझ विंटरनित्स यांनी १८९७ साली पॅरिस येथील प्राच्यविद्या परिषदेत केली. युरोपात ते काम सुरू झाले. बर्लिनचे प्राध्यापक हाइनरिख ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये काही पृष्ठांचा नमुनाही छापला. परंतु पुढे पहिले महायुद्ध उसळले आणि तो संकल्प तेथेच विरला.

तो उचलला पुण्याने. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या नावाने १९१७ साली स्थापन झालेल्या संस्थेने दोनच वर्षांत, १ एप्रिल १९१९ रोजी, ह्या कार्याचा आरंभ केला. वृद्ध भांडारकरांनी स्वहस्ते महाभारताचा मंगलश्लोक लिहिला. औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लक्ष रुपयांच्या साहाय्याचे अभिवचन दिले. ते स्वतः चित्रकार असल्याने आवृत्तीसाठी चित्रेही काढली. नारायण बापूजी उत्गीकर यांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती काढली, आणि १९२५ च्या ऑगस्टमध्ये प्रमुख संपादकपद डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांच्याकडे आले.

सुखठणकरांचे शिक्षण येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. ते केंब्रिजला गेले ते गणित शिकावयास. संस्कृताकडे वळले ते नंतर, आणि बर्लिनमध्ये ल्यूडर्स यांचेच शिष्य झाले. युरोपातील अर्धवट राहिलेल्या कामाचा धागा पुण्यात त्यांच्या हाती आला, आणि त्या कामाला गणितज्ञाची शिस्तही लाभली.

ती शिस्त कशी होती ते पाहावे. आडव्या-उभ्या रेघा आखलेल्या फुलस्केप कागदाच्या माथ्यावर प्रचलित छापील पाठातला श्लोक एकेका घरात एकेक अक्षर असा मांडीत. त्याखाली प्रत्येक पोथीला एक ओळ. पाठतुलना करणारा माणूस पोथी समोर ठेवून अक्षरामागून अक्षर पडताळीत जाई. जेथे फरक आढळेल तेथे बरोबर त्याच घराखाली तो फरक लिही. उजवीकडे चार इंच रुंदीची मोकळी पट्टी शेरे आणि जादा श्लोक यांसाठी राखलेली असे. प्रत्येक भागासाठी निदान दहा पोथ्या ताडून पाहावयाच्या असा दंडक होता. पुष्कळ भागांसाठी वीस, काहींसाठी तीस-चाळीस, आणि क्वचित साठपर्यंत पोथ्या ताडल्या गेल्या. संपूर्ण प्रकल्पात बाराशेंहून अधिक हस्तलिखिते उपयोगात आली. सुज्ञ वाचकांनी क्षणभर कल्पना करावी : एक लक्ष म्हणून गाजलेले श्लोक, आणि त्यांतील प्रत्येक अक्षर दहा-वीस वेळा, निरनिराळ्या लिप्यांत, डोळ्यांखालून घालावयाचे!

हे काम एकट्या पुण्यात झाले नाही, हे आपणा परप्रांतस्थ मराठी जनांस विशेष स्मरणीय आहे. बंगाली पोथ्यांच्या तुलनेचे केंद्र शांतिनिकेतन येथे विश्वभारतीत होते आणि दाक्षिणात्य पोथ्यांचे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात. म्हणजे भोसले राजांनी, विशेषतः सरफोजीराजांनी, वाढविलेल्या त्याच ग्रंथभांडारात. संपादकांच्या नामावलीतही हेच चित्र दिसते. उद्योगपर्व व द्रोणपर्व बंगालचे सुशीलकुमार डे यांनी संपादिले, विराटपर्व रघुवीर यांनी, तर सभापर्व अमेरिकेतील येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन यांनी. हैदराबादच्या निजामांच्या देणगीतून संस्थेच्या आवारात अतिथिगृह उभे राहिले. मराठी संस्थेने आरंभिलेले कार्य अशा रीतीने साऱ्या देशाचे आणि देशाबाहेरचेही झाले.

पाठ ठरविण्याचे तत्त्व सांगावयास सोपे, आचरावयास कठीण. ज्या परंपरा एकमेकींपासून दूर व स्वतंत्र वाढल्या, त्यांच्यात जे समान असेल ते प्राचीन समजावे. एखाद्याच गटात आढळणारे असेल ते मागाहून आलेले समजावे. उत्तरेतील काश्मिरी आणि दक्षिणेतील मल्याळम पोथ्या एखाद्या शब्दावर एकमुखाने साक्ष देत असतील, तर त्या शब्दाचे वय मोठे. जेथे संपादकाचा निर्णय निःशंक नाही, तेथे त्या शब्दाखाली नागमोडी रेघ. आणि जे मुख्य पाठातून वगळले ते फेकून द्यावयाचे नाही : लहान असेल तर तारांकित करून तळटीपेत, मोठे असेल तर परिशिष्टात, कोणत्या पोथीत आहे व कोणत्या पोथीत नाही ह्या नोंदीसह छापावयाचे. सुखठणकरांच्या न्यायासनासमोर फिर्यादी हरला तरी त्याची कैफियत दप्तरी दाखल होत असे!

आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर नेपाळचे राजगुरू हेमराज यांच्याकडून आदिपर्वाची एक अतिप्राचीन पोथी उजेडात आली. पाठ ठरविताना ती सुखठणकरांसमोर नव्हती. तरीही त्यांनी पोथ्यांच्या साक्षीवरून जे निर्णय केले होते, त्यांतील कित्येकांना तिने दुजोरा दिला. संशोधकाला याहून मोठे पारितोषिक कोणते? १९४३ च्या जानेवारीत मुंबईस महाभारताच्या अर्थावर त्यांची चार व्याख्याने योजली होती. तीन झाली, आणि चौथ्याच्या दिवशी, २१ जानेवारीस, ते निवर्तले. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा वाहिली. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत कार्यपूर्तीची घोषणा झाली. सत्तेचाळीस वर्षे लागली होती.

आता संगणकाकडे वळू. विद्वानांच्या कामात यंत्राचा प्रवेश फार जुना आहे. इटलीतील जेसुइट धर्मगुरू रोबेर्तो बुसा यांनी १९४९ मध्ये न्यूयॉर्क गाठून आय.बी.एम.चे प्रमुख थॉमस वॉटसन यांची भेट घेतली आणि संत थॉमस अक्वायनस यांच्या साऱ्या ग्रंथांतील एकूण एक शब्दांची सूची यंत्राकडून करवून घेण्याचा घाट घातला. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर कोटीहून अधिक शब्द चढविण्याचे काम मुख्यत्वे तरुण मुलींनी केले. ती सूची १९७४ ते १९८० या काळात ५६ खंडांत प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास आपल्या वैद्यांनी महाभारतातील चरणांची प्रतीकसूची सहा खंडांत सिद्ध केली; ती मात्र मानवी हातांनी, अकारविल्हे लावलेली.

पुण्याच्या आवृत्तीचा स्वीकृत पाठ संगणकात आणण्याचे श्रेय जपानमधील क्योतो विद्यापीठाचे प्राध्यापक मुनेओ तोकुनागा यांचे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांनी हा प्रचंड पाठ यंत्रात भरला, आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी तो छापील आवृत्तीशी ताडून शुद्ध केला. ज्या केंब्रिजात सुखठणकर गणित शिकले, तेथेच त्यांच्या ग्रंथाचे हे नवे शुद्धिपत्र तयार व्हावे, हा योगायोग मोठा गोड आहे.

ह्यामुळे अभ्यासकाची केवढी सोय झाली! पूर्वी एखादी शब्दयोजना महाभारतात कोठे कोठे येते हे पाहण्यास महिने लागत, आणि शब्द चरणाच्या मध्यभागी असेल तर प्रतीकसूचीचाही उपयोग नसे. आज ते निमिषात होते. पण यंत्रालाही संस्कृत शिकवावे लागते. 'अर्जुन' हा शब्द शोधावयास सांगितला, तर 'च' आणि 'अर्जुनः' यांच्या संधीतून झालेले 'चार्जुनः' ते ओळखेलच असे नाही. आणि पार्थ, धनंजय, सव्यसाची, गुडाकेश हे सारे एकच, हे तर त्याला कोणी सांगितल्यावाचून कळणारच नाही. म्हणून पॅरिसचे जेरार्द युए, हैदराबाद विद्यापीठातील अंबा कुलकर्णी यांच्यासारख्या विद्वानांनी संधिविच्छेद करणाऱ्या आज्ञावली रचल्या. पाणिनीच्या सूत्रांचा हा एक नवाच विनियोग म्हणावयाचा.

याहून विस्मयकारक उपयोग जीवशास्त्राच्या वाटेने आला. आपल्या आरत्यांतील काही शब्द निरनिराळ्या घरी निरनिराळ्या तऱ्हेने चुकीचे म्हटले जातात. ज्या दोन घरांत नेमक्या त्याच चुका, त्या दोघांनी ती आरती एकाच ठिकाणी ऐकली असणार, हे तर्कशास्त्र कोणालाही पटेल. पोथ्यांचे कूळ ह्याच रीतीने शोधतात. आणि प्राणिमात्रांच्या बीजद्रव्यातील बदलांवरून त्यांचा वंशवृक्ष काढण्याची शास्त्रज्ञांची रीतही मुळात हीच आहे. १९९८ मध्ये केंब्रिजचे क्रिस्टोफर हाउ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रीत इंग्रज कवी चॉसर याच्या काव्यातील एका भागाच्या ५८ हस्तलिखितांना लावली. पुढे मेक्सिकोच्या विदुषी वेंडी फिलिप्स-रॉड्रिगेझ यांनी हाउ यांच्या साहाय्याने तीच आपल्या द्यूतपर्वाला लावली. पोथ्यांचे गट लिपीप्रमाणे पडतात काय, लेखकाने नक्कल करता करता मधेच समोरची मूळ पोथी बदलली असेल काय, असे प्रश्न आता मोजमाप करून विचारता येऊ लागले.

मात्र एक गोष्ट विसरता नये. यंत्राला हा जो पाठभेदांचा दाणागोटा मिळाला, तो एजर्टन यांच्या १९४४ च्या सभापर्वाच्या तळटीपांतून. आणि त्या तळटीपा आल्या त्या फुलस्केप कागदांच्या घराघरांतून. शांतिनिकेतनात, तंजावरात, पुण्यात मान मोडून बसलेल्या त्या पाठतुलनाकारांची नावे प्रस्तावनेतील ऋणनिर्देशापलीकडे कोणी घेत नाही. बुसा यांच्या पत्ते-छिद्रक मुलींचीही तीच कथा. यंत्र वेगाने दळते खरे, पण दाणे कोणीतरी निवडून ठेवलेले असतात.

आता त्या ग्रंथालयातील दुपारकडे परत येतो. आम्ही आदिपर्वाचा पहिला अध्याय उघडला. मुख्य पाठात व्यास होते, गणेश नव्हते. तरुणाचा चेहरा खुलला. मग आम्ही त्यास खंडाच्या शेवटी परिशिष्टाकडे नेले. तेथे ती कथा होती. ब्रह्मदेवाचे आगमन, गणेशाचे पाचारण, दोघांच्या अटी, सारे काही, आणि कोणत्या पोथ्यांत ती मिळते याच्या बारीक नोंदी. दक्षिणेतील पोथ्यांत ही कथा नाही, हे विंटरनित्स यांनी १८९८ सालीच दाखविले होते. सुखठणकरांनी साऱ्या परंपरांची साक्ष घेऊन तिला मुख्य पाठाबाहेर ठेवले, पण ग्रंथाबाहेर ठेवले नाही. संगणकात प्रथम आला तो केवळ मुख्य पाठ. तळटीपांचा आणि परिशिष्टांचा पसारा मागाहून येऊ लागला, आणि आजही पुष्कळ ठिकाणी शोध घेतला जातो तो मुख्य पाठातच. म्हणून यंत्र म्हणाले, "नाही." ते इतकेच म्हणावयास हवे होते, की "माझ्यापाशी जे आहे, त्यात नाही."

मग आजोबांच्या वडिलांची पोथी? ती चौकशीअंती नीलकंठी निघाली, म्हणजे नीलकंठ चतुर्धरांच्या टीकेसह छापलेली. आणि नीलकंठांच्या पाठात गणेशकथा आहेच. हे नीलकंठ कोण? गोदातीरावरील कोपरगावचे मराठी गृहस्थ, सतराव्या शतकात काशीला जाऊन राहिलेले. त्यांनी आपल्या टीकेच्या आरंभी सांगितले आहे, की निरनिराळ्या देशांतील पुष्कळ पोथ्या मिळवून, उत्तम पाठ निवडून आपण हा ग्रंथ सिद्ध केला. म्हणजे सुखठणकरांच्या कित्येक पिढ्या अगोदर, घरापासून दूर राहिलेल्या एका मराठी माणसाने, आपल्या काळच्या साधनांनी, तेच काम आरंभिले होते! त्यांनी संग्रहाकडे कल ठेवला, सुखठणकरांनी विवेकाकडे. पण पोथ्यांसमोर पोथ्या ठेवण्याची वृत्ती एकच.

परिशिष्टातील त्या पृष्ठांची छायाप्रत तरुणाने स्वतः करून घेतली आणि दुसऱ्या रविवारी स्वतःच आजोबांच्या घरी नेऊन दिली. आजोबांनी चष्मा लावून ती अथपासून इतिपर्यंत वाचली, पोथ्यांच्या नोंदीही वाचल्या, आणि म्हणाले, "म्हणजे कथा खरी, पण मागाहूनची. बरे झाले सांगितलेस. आता मुलांना सांगताना हेही सांगेन." मग त्यांनी कपाटातून वडिलांची पोथी काढून त्याच्या हाती दिली. त्या मुलाने आयुष्यात प्रथमच पोथी हाताळली असावी. पाने उलटताना त्याने बोटाला थुंकी लावली नाही, हे पाहून आजोबांना समाधान वाटले.

२००४ च्या जानेवारीत भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि कपाटे, ग्रंथ, हस्तलिखिते यांची नासधूस झाली, तेव्हा कागद किती दुबळा आहे हे सर्वांस कळले. पोथ्यांची छायाचित्रे घेऊन ती संगणकात जतन करण्याच्या कार्याचे महत्त्व तेव्हापासून कोणाला पटवून द्यावे लागत नाही. परंतु छायाचित्र म्हणजे वाचन नव्हे, आणि शोधणे म्हणजे जाणणे नव्हे. पोथीतील लिपी वाचणारा, पाठ तोलणारा आणि वगळलेल्याचीही नोंद ठेवणारा माणूस राहिला, तरच ते धन धन राहील.

जाता जाता एक घरची गोष्ट. आपल्या मंडळाच्या सभावृत्तांताच्या पन्नास वर्षांच्या वह्यांची संगणकीय प्रत करण्याचे यंदा ठरले आहे. त्यांत काही पाने वाळवीने खाल्लेली आहेत, काही ठराव लिहून नंतर खोडलेले आहेत, एका वर्षाची वही सापडतच नाही. आमची कार्यकारिणीस नम्र विनंती आहे, की जे स्वच्छ आहे तेवढेच यंत्रात घालू नये. जे खोडले ते खोडले म्हणून, जे हरवले ते हरवले म्हणून, आणि ज्यांनी बसून हे सारे उतरविले त्यांची नावे, अशी तिन्ही लिहून ठेवावीत. शतकमहोत्सवात आपल्यापैकी फारच थोडे असतील. त्या वेळी कोणी नातू यंत्राला आपल्या आजोबांचे नाव विचारील, आणि यंत्र "नाही" म्हणेल. तेव्हा परिशिष्ट उघडून पाहण्याची बुद्धी त्याला व्हावी, आणि त्या परिशिष्टात ते नाव असावे.